पाच मुद्द्यांची तक्रार

बँडची सरावाची खोली टायरच्या दुकानावर होती. भिंतींना जुन्या गाद्या ठोकलेल्या, त्यामुळे आत शिरलं की आपलाच आवाज आपल्याला परका वाटायचा. माझा दादा त्या खोलीत चौदा वर्षं बास गिटार वाजवत होता. चार जाड तारांचं हे वाद्य चालू असताना कोणाचं लक्ष नसतं. थांबलं की मात्र सगळ्यांनाच काहीतरी चुकल्यासारखं वाटतं. त्या शनिवारी सकाळी दादा चष्मा विसरला होता, तो द्यायला मी गेले होते.

गायकाने फोन स्पीकरला जोडला होता. त्याला सगळे बुलबुल म्हणत आणि तो ते कौतुक समजायचा. सहा महिने तो फोनवरच्या अ‍ॅप्समध्ये खरा वाटणारा बास शोधत होता. एकाचा आवाज बादलीवर थापट्या मारल्यासारखा, दुसऱ्याचा पोट बिघडलेल्या म्हशीसारखा. दादा घरी त्यांच्या नकला करून दाखवायचा आणि वहिनी हसून हसून डोळे पुसायची.

'आता हा ऐक,' बुलबुल म्हणाला आणि त्याने स्क्रीनवर बोट टेकवलं.

गाद्यांमागची भिंत थरथरली. कोणी हसलं नाही.

'बघ. याला सर्दी होत नाही, उशीर होत नाही, हा तोंड वाकडं करत नाही. वाईट वाटून घेऊ नकोस रे, पण स्टेजवर जागासुद्धा वाचते.'

दादाला वाईट वाटलेलं दिसलं नाही. तो मान तिरकी करून ऐकत होता. 'परत वाजव,' तो म्हणाला. मग आणखी एकदा. 'हा मी आहे.'

'हो, आणि मी त्या स्पीकरचा मामा!'

आता मात्र सगळे हसले. मी चष्म्याची डबी इतकी घट्ट धरली होती की तिचं बिजागर तुटलं.

जिन्यात दादाने सांगितलं. दोन वर्षांपूर्वी एक अतिशय नम्र माणूस भेटला होता. भाड्याची खोली, तीन दिवसांचं काम. चारही तारांवरचा प्रत्येक सूर हळू, मध्यम आणि जोरात, प्रत्येकी सहा वेळा वाजवायचा. सूर दर वेळी हुबेहूब सारखा आला तर ऐकणारा यंत्र ओळखतो, म्हणून सहा. शेवटी एका कागदावर सही.

'आणि मला सांगितलं नाहीस?'

'तू तो कागद वाचायला मागितला असतास, चिमणे. तू टूथपेस्टच्या मागचंही वाचतेस.'

घरी येऊन त्याने स्वतःचा बास काढला आणि तार छेडली. तार धूसर होईपर्यंत हलली. आवाज आला नाही. मी छेडली, तर आला. आम्ही केबल बदलली, तारा बदलल्या, शेजारच्या गल्लीतल्या गिटारच्या मास्तरांकडून दुसरा बास आणला. माझ्या बोटांखाली दोन्ही वाजत होते, दादाच्या बोटांखाली एकही नाही.

मी ध्वनिमापक यंत्रं तपासून देणाऱ्या प्रयोगशाळेत काम करते. आमच्याकडे एक खोली आहे, जिच्या भिंती प्रतिध्वनी गिळून टाकतात. सोमवारी जेवणाच्या सुट्टीत मी दादाला तिथे बसवलं. तारेला कंपन मोजणारा सेन्सर लावला, समोर मायक्रोफोन ठेवला. कंपनाचे आकडे माझे आणि त्याचे जवळजवळ सारखेच आले. मायक्रोफोनचे आले नाहीत. मी वाजवल्यावर बासष्ट डेसिबल. त्याने वाजवल्यावर रिकाम्या खोलीइतके. मी सात वेळा मोजलं.

'वाद्यात काहीतरी दोष असेल,' मी म्हणाले.

'शास्त्रज्ञीणबाई, दोष वाद्यात असता तर तुझ्या हातूनही वाजलं नसतं.' तो हसत होता, पण बासची पेटी बंद करताना त्याला खटका दोनदा सापडला नाही. चौदा वर्षं त्याला दुसरं काही येत नव्हतं आणि करायचंही नव्हतं.

रागाला पत्ता लागतो. माझ्या रागाला मिळालेला पत्ता म्हणजे त्या अ‍ॅपमधलं 'तक्रार नोंदवा' हे बटण. मी अ‍ॅप माझ्या फोनवर घेतलं आणि प्रयोगशाळेच्या हेडफोनवर प्रत्येक सूर ऐकला, मला जमतं त्या पद्धतीने, खालून वर, प्रत्येकी तीनदा. मग मुद्दे लिहिले. एक, तारेला नख लागल्याचा टिक. दोन, बोट घसरल्याचा आवाज. तीन, खुर्चीची करकर. चार, घशातला आवाज, खाकरल्याचा. पाच, श्वास, हा प्रत्येक सुरामागे आहे. प्रत्येकासमोर वेळ, सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत. आणि शेवटी मी लिहिलं: हे माझ्या भावाचे आवाज आहेत. यांतला एकही तुमच्या अ‍ॅपमध्ये असता कामा नये.

बटण दाबताना फार बरं वाटलं.

दोन दिवसांनी उत्तर आलं. 'इतक्या काटेकोर नोंदीबद्दल आभार. आपले पाचही मुद्दे ग्राह्य आहेत. हे आवाज क्रमाने काढून टाकत आहोत. मुद्दा एक: पूर्ण.'

मला वाटलं, मी जिंकले.

त्या संध्याकाळी दादाकडे गेले. चहाची वाट बघताना तो नेहमी टेबलावर नखांनी ताल धरतो. आजही बोटं हलत होती. घर किती शांत वाटतंय, एवढंच माझ्या मनात आलं.

दुसऱ्या मुद्द्याची सूचना गुरुवारी आली. दादा तळवे एकमेकांवर चोळत होता आणि मी समोर बसून कान देत होते; घासल्याचा आवाज येत नव्हता.

तिसऱ्याची शुक्रवारी. दादाच्या घरी एक वेताची खुर्ची आहे, ती मांजर बसलं तरी करकरते. वहिनी उठली तेव्हा करकरली. दादा बसला तेव्हा नाही.

'ऊठ,' मी म्हणाले. 'परत बस.'

चार वेळा.

'काय गं, उठाबशा काढायला लावतेस? शाळेत तुझं नाव सांगितलं होतं त्याचा सूड का?'

मी बाहेर अंगणात गेले आणि तक्रार मागे घेत असल्याचं लिहिलं. पाठवण्याआधी शुद्धलेखनही तपासलं. उत्तर लगेच आलं. 'ग्राह्य ठरलेली तक्रार मागे घेता येत नाही. मुद्दा चार: पूर्ण.'

आत दादा वहिनीला काहीतरी सांगत होता. मला खिडकीतून त्याचे शब्द ऐकू येत होते. मग येईनासे झाले. ओठ हलत राहिले.

वहिनीने गुळण्यांसाठी पाणी तापवलं. घसा बसलाय, म्हणाली, किती दिवस मनाला लावून घेतलंय त्यांनी. दादाने वर्तमानपत्राच्या कडेला लिहून मला दाखवलं: बुलबुलची चंगळ झाली, माझ्या शिव्या टळल्या.

शनिवारी मी सरावाच्या खोलीत गेले आणि बुलबुलच्या हातातून फोन हिसकावला.

'अहो ताई, काय करताय?'

'काढ ते. माझ्यासमोर काढ.'

माझा चेहरा बघून त्याने मुकाट्याने अ‍ॅप काढून टाकलं. 'झालं? पण खरं सांगू का, आता तो पहिल्यासारखा वाजतही नव्हता. स्वच्छ झालाय फार. त्यातला माणूसच गेलाय.'

मी त्याच्या कानाखाली मारली. आयुष्यात पहिल्यांदाच कोणावर हात उगारला.

दिवसभर मी त्या नम्र लोकांना लिहीत राहिले. अकरा निरोप. विनंती, धमकी, पुन्हा विनंती. पाचवा मुद्दा चुकीचा आहे, मी लिहिलं, माझं मोजमाप चुकलं, श्वास तिथेच असू द्या. कामात मी अशी कबुली कधीच दिली नव्हती. उत्तर आलं नाही. अ‍ॅप माझ्या फोनवर होतं. कान लावला की प्रत्येक सुरामागे श्वास अजून होता, संथ, किंचित नाकातून.

रविवारी दुपारी मी दादा-वहिनीच्याच घरी होते. दादा जेवून आतल्या खोलीत आडवा झाला. मी स्वयंपाकघरात ताटं विसळत होते, फोन ओट्यावर. तो एकदा थरथरला.

'मुद्दा पाच: पूर्ण. आपली तक्रार बंद करण्यात आली आहे.'

हातातलं ताट पडलं. मी तशीच ओल्या हातांनी आत धावले.

वहिनी पलंगाच्या कडेला बसली होती. तिने झटकन ओठांवर बोट ठेवलं.

'हळू गं,' ती कुजबुजली. 'किती दिवसांनी अशी झोप लागलीय त्यांना. बघ, घोरतसुद्धा नाहीयेत.'