करंगळीविना

"नखे कापून या," हे मी त्याला उद्देशून उच्चारलेले पहिले वाक्य. प्रेमकथेचा आरंभ म्हणून त्याची शिफारस मी कोणालाही करणार नाही. पण आरंभ झाला तो असाच.

आमच्या ग्रंथालयाच्या हस्तलिखितांच्या खोलीत त्या दुपारी वास्तविक माझी पाळी नव्हती. जिची होती त्या सहकारिणीची दाढ ठणकत होती, म्हणून मी बसले होते. काचेचे दार ढकलून एक उंच, किंचित वाकून चालणारा माणूस आत आला. निनावी गिटाररचनांचे जुने बाड पाहायचे आहे, असे म्हणून त्याने दोन्ही हात टेबलावर ठेवले. डाव्या हाताची नखे अगदी मुळाशी कापलेली. उजव्याची मात्र लांब, घासून गुळगुळीत केलेली, चकाकणारी.

"कापता येणार नाहीत," तो म्हणाला.

"कागद दोनशे वर्षांचा आहे."

"आणि नखं महिन्याभराची. कबूल. पण घर त्यांच्यावर चालतं हो. गिटार शिकवतो मी... आणि संधी मिळाली तर वाजवतोही."

"गिटार नखांनी वाजवतात, पानं बोटांनी उलटतात."

"मग बोटं तुमची, डोळे माझे — चालेल?"

नखे वाढलेल्या वाचकासाठी पाने कर्मचाऱ्याने उलटावीत, असा आमच्याकडे खरोखरच नियम आहे. मी खुर्ची ओढून त्याच्या शेजारी बसले. त्याच्या कोटाला लाकडाचा आणि पॉलिशचा वास होता.

माझ्या कामाविषयी थोडे सांगितले पाहिजे. ज्या रचनांवर कोणाचेही नाव नाही, त्यांची सूची करणे हे माझे काम. इतिहास विसरभोळा असतो, असे लोक समजतात. तो विसरभोळा नसतो, तो दरबारी असतो. ज्यांच्या पदरी छापखाना होता, आश्रयदाता होता, आणि पत्रे जपून ठेवणारी विधवा होती, त्यांची नावे उरली. इतरांच्या फक्त रचना उरल्या. आणि त्याही उरल्या आहेत असे कळताच कोणीतरी विद्वान धावत येतो व त्या एखाद्या नामवंताच्या खात्यावर जमा करतो.

आमचे विद्वान म्हणजे आमचे विभागप्रमुख. समोर 'सर', पाठीमागे 'दत्तकमंत्री'. अनाथ रचना दिसली की श्रीमंत घर बघून ती दत्तक देऊन टाकायची, ही त्यांची अभ्यासपद्धती. श्रीमंत घरही ठरलेले. गिटारच्या जगात ज्याला थोर मानतात असा एक रचनाकार. आमच्या विभागात त्याचा उल्लेख नुसता 'थोरले' असा होत असे, जणू तो सरांचा काका लागतो.

गिटारवाला रोज येऊ लागला. सकाळचे वर्ग आटोपून यायचा, बसायचा, आणि वाचता वाचता डाव्या हाताची बोटे उजव्या मनगटावर चालवायचा. मनगट म्हणजे त्याच्या लेखी गिटारची मान. आवाज काहीच नसे. पानाची शेवटची ओळ संपत आली की तो माझ्याकडे नुसते बघायचा, मग मी पान उलटायची. काही दिवसांनी बघण्याचीही गरज उरली नाही.

"तुम्हाला कसं कळतं मी कुठवर आलोय ते?"

"मनगट बघते."

"माझं मनगट?"

"तुमच्या मनगटावरची बोटं. गैरसमज नको."

"गैरसमज कसला... मी तर आशा म्हणून विचारलं."

मी पान उलटले. ओळ अर्धीच झाली होती. तो हसला.

त्या बाडात एक संथ नृत्यरचना होती. आजवर तिच्याकडे कोणी ढुंकूनही पाहिले नव्हते. तिच्यावर त्याची बोटे पुन्हा पुन्हा परतू लागली. एके दिवशी ती मध्येच थांबली.

"विचित्र आहे. माझी करंगळी बेकार बसलीये."

"म्हणजे?"

"संपूर्ण रचनेत डाव्या करंगळीला कामच नाही. आणि जिथे कुणीही करंगळीच टाकेल, तिथे हा माणूस काय करतो, माहितीये? एक मोकळी तार, कुठलंही बोट न दाबता, वाजत ठेवतो, आणि ती वाजतेय तोवर सगळा हात उचलून पुढे नेतो."

"माणूस किंवा बाई."

"हा माणूस किंवा ही बाई," त्याने आज्ञाधारकपणे दुरुस्ती केली.

मी सूचीतली माझी टिपणे काढली. कोणते बोट कोठे ठेवायचे, ते अशा हस्तलिखितांत स्वरांजवळ बारीक आकड्यांनी लिहिलेले असते. चार म्हणजे करंगळी. या रचनेत चारचा आकडा कोठेही नाही, हे मी पूर्वीच नोंदवले होते. आकडा का नाही, ते मात्र कागद सांगत नव्हता. तो हाताला विचारायचा प्रश्न होता, आणि तसा हात आता शेजारी येऊन बसला होता.

"तुम्ही कधी वाजवलंच नाही?" त्याने विचारले.

"वाचते. खूप वाचते."

"पोहण्याबद्दल वाचावं तसं?"

दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुट्टीत मी त्याच्या संगीतशाळेत गेले. सरावाची खोली लहान होती. भिंतींना जाड कापड, एकच खिडकी, दोन खुर्च्या. त्याने गिटार माझ्या मांडीवर ठेवली आणि मागे उभे राहून माझी बोटे तारांवर नेमक्या जागी दाबली. तारा बोटांत रुतत होत्या.

"आता करंगळी दुमडा. नाहीच ती, असं समजा. मोकळी तार छेडा... आणि ती वाजतेय तोवर उडी."

मी उडी मारली. पोचले ते भलतीकडेच. पण त्या क्षणार्धात, तार एकटी गुंजत असताना आणि हात हवेत असताना, मला दोनशे वर्षांपूर्वीची एक व्यक्ती इतकी जवळ वाटली की श्वास घ्यायचे राहून गेले. जेथे बोट चालत नव्हते, तेथे तिने पूल बांधला होता. रचनेचा सगळा गोडवा त्या पुलांत होता.

"कळलं?" तो अगदी कानाजवळ म्हणाला.

"कळलं. आता हात सोडलात तरी चालेल."

"चालेल... पण घाई आहे का?"

घाई नव्हती.

मग आम्ही शोधच आरंभला. इतर ग्रंथालयांतील निनावी रचनांच्या छायाप्रती मागवल्या. मी वाचून 'चार' नसलेल्या वेगळ्या काढायची. त्या तो वाजवून बघायचा. बहुतेक नुसत्याच सोप्या निघत, नवशिक्यांसाठी लिहिलेल्या. पण अधूनमधून तो वाजवता वाजवता मान वर करायचा, "आली बघा आपली पाहुणी," म्हणायचा, आणि मलाही ऐकू यायचे: एकटी तार, आणि तिच्या आडून निघून गेलेला हात. एकाच व्यक्तीच्या रचना, निरनिराळ्या गावांच्या बाडांत विखुरलेल्या.

नेमके याच सुमारास सरांनी जाहीर केले की ती संथ नृत्यरचना थोरल्यांची आहे. व्याख्यान ठरले, मोठे सभागृह ठरले, ध्वनिमुद्रण ठरले.

मी सरांकडे गेले. थोरल्यांच्या सगळ्या रचना करंगळीच्या करामतींसाठीच प्रसिद्ध आहेत, हे त्यांना दाखवले. चष्मा न उतरवता त्यांनी ऐकून घेतले.

"बाळ, हा तपशील झाला. तपशिलात अडकलं की मोठं चित्र दिसत नाही."

"सर, चित्र तपशिलांचंच असतं."

"तुझ्या कायमच्या नेमणुकीचा कागद माझ्या टेबलावर आहे," ते प्रेमळपणे म्हणाले. "तोही तपशीलच. पण मी अडकवून ठेवत नाही बघ."

आणि त्या व्याख्यानात रचना वाजवायला त्यांनी बोलावले, ते गिटारवाल्याला. तो 'हो' म्हणाला.

"हो म्हणालात?" मी विचारले.

"भरलेलं सभागृह आहे. माझ्या शाळेच्या कार्यक्रमात पालक मोबाइल बघत बसतात. आजवर मला कुणी..."

"तिथे फलकावर थोरल्यांचं नाव असेल."

"सूर तर तेच असतील ना?"

"तिला एकदा इतिहासानं पुसलं. आता तू तुझ्या हातानं पूस. वाजव. छान वाजव!"

"पहिल्यांदाच 'तू' म्हणालीस," तो हळूच म्हणाला. "भांडणात का होईना... प्रगती आहे."

मी पाठ फिरवून निघाले. काही रागांना उत्तर देण्याइतकीही ऊब नसते. त्यानंतर तो खोलीत आला नाही, आणि ते बाड मी कपाटात आत सरकवून ठेवले. ते नजरेसमोर नकोसे झाले होते.

व्याख्यानाला मी शेवटच्या रांगेत बसले. सर सुरेख बोलले. चुकीची माणसे बहुधा सुरेखच बोलतात, खऱ्याला तेवढा सराव नसतो. मग तो मंचावर आला. बसण्यापूर्वी त्याने खिशातून पांढरी चिकटपट्टी काढली आणि सगळ्यांसमक्ष डाव्या हाताची करंगळी शेजारच्या बोटाला गुंडाळून टाकली. दातांनी पट्टी तोडली. सभागृहात कुजबुज झाली. पहिल्या रांगेत सर सावरून बसले.

त्याने संपूर्ण रचना वाजवली. प्रत्येक पुलावर त्याचा हात उडाला, आणि प्रत्येक वेळी नेमक्या जागी उतरला. संपल्यावर पट्टी बांधलेला हात त्याने वर धरला.

"थोरल्यांची एकही रचना मला अशी वाजवता येत नाही," तो म्हणाला. "ज्यांनी कुणी हे लिहिलं, त्यांची करंगळी चालत नव्हती. त्या व्यक्तीचं नाव आपल्याला ठाऊक नाही. हे मी शोधलं नाही. मागे शेवटच्या रांगेत ज्या बाई बसल्यात, त्यांच्यामुळे सापडलं."

टाळ्या सुरू होण्याआधीच सर उठून उभे राहिले. त्यांचा चेहरा उजळला होता. त्या विद्वत्तेला मी आजही दाद देते.

"म्हणजे आज एक नव्हे, दोन शोध लागले!" ते म्हणाले. "थोरल्यांच्या करंगळीला उतारवयात इजा झाली होती, हे आजवर कोणालाच ठाऊक नव्हतं!"

टाळ्यांचा कडकडाट झाला.

मी उभी राहिले.

"सर, थोरल्यांचा शेवटचा संग्रह त्यांच्या मृत्यूच्या वर्षी लिहिलेला आहे. त्याच्या पहिल्याच पानावर करंगळीशिवाय एक ओळ पुढे सरकत नाही. ही रचना त्यांची नाही. कोणाची आहे, ते माहीत नाही. 'माहीत नाही' म्हणायला लाज वाटण्यासारखं त्यात काही नाही."

"आपण बसून बोलू," सर म्हणाले. नेमणुकीचा कागद त्या तीन शब्दांत मला स्पष्ट दिसला.

"मी उभीच बरी आहे."

सर काही बोलणार, तोच मंचावरून तार वाजली. "बाई उभ्या आहेत तोवर," तो ध्वनिक्षेपकात म्हणाला, "मी पुन्हा वाजवतो. ध्वनिमुद्रण करणाऱ्यांनी नोंद घ्यावी — रचनाकार अज्ञात."

ती रचना मी उभ्याने ऐकली. तिसऱ्या रांगेत कोणीतरी उठले, मग त्यांच्या शेजारचे. सगळे उठले असे काही झाले नाही, आणि तसे झाले असते तर मला संशयच आला असता. पण सर खाली बसले, आणि संपेपर्यंत बसून राहिले.

बाहेर पायऱ्यांवर तो माझी वाट बघत होता. पाठीवर गिटारची पेटी, बोटे अजून बांधलेलीच.

"आधी का नाही सांगितलंस?" मी विचारले.

"सांगितलं असतं तर तू मला अडवलं असतंस. आणि खरं सांगू... जमेल याची खात्री नव्हती."

"माझी नोकरी गेली."

"मलाही आता कुणी बोलवेल असं वाटत नाही."

हे दोघांनाही इतके उघड होते की आम्ही हसू लागलो. तेवढ्यात त्याचा फोन वाजला. बांधलेल्या बोटांनी कसाबसा खिशातून काढून त्याने स्पीकर लावला.

"काय रे, कसं झालं?" त्याची आई विचारत होती. "कुणाचं वाजवलंस?"

"कुणाचं ते माहीत नाही, आई."

"धन्य! आणि हसतंय कोण तिथे? बाईचा आवाज येतोय."

तो माझ्याकडे बघू लागला. कान लाल झाले होते. "ती... जिच्याशी लग्न करायचं म्हणतोय, ती."

"तिला सांगितलंस का?"

"नाही अजून. तिची नुकतीच नोकरी गेलीये. म्हटलं, एका वेळी एकच धक्का..."

"गाढवा! दे फोन तिला."

मी फोन हातात घेतला. "नमस्कार, काकू."

"मुली, हा काय बोलतोय? तुला काही विचारलंय का यानं?"

"अजून नाही, काकू."

"आणि विचारलं तर?"

"तर हो," मी म्हणाले.

फोन स्पीकरवर आहे, हे मला पक्के ठाऊक होते.