इशोच्या नावाचं तेल

गावरिये गवंडी होता. उभा जन्म दगडाशी झटण्यात गेलेला, त्यामुळे दगड काय करतो आणि काय करत नाही हे त्याला कुणी शिकवायला नको होतं. तरी दर उन्हाळ्यात बायकोच्या, शमुनीच्या, मागोमाग तो टेकडीवरच्या पडक्या चर्चमध्ये यायचा, कुरकुरत का होईना.

चर्च दीड हजार वर्षांचं. छप्पर केव्हाच गेलेलं, वेदीमागची अर्धगोल भिंत तेवढी उभी, फरशीवर शेळ्यांच्या लेंड्या. कोपऱ्यात एका हुतात्म्याची दगडी अस्थिपेटी. आतल्या अस्थी कुणी, कधी नेल्या, देव जाणे. झाकणाला एक भोक, तळाशी एक. वरून तेल ओतायचं, खाली येईल ते आजाऱ्याला लावायचं, ही जुनी रीत. गावच्या बायकांनी तिला आपली पुस्ती जोडलेली: हरवलेल्या माणसाचं नाव घेऊन ओतायचं. तेल खाली आलं, तर माणूस जिवंत.

त्यांचा मुलगा इशो एकोणीस वर्षांपूर्वी द्राक्षं विकायला बाजाराला गेला, तो गेलाच. गाडी रस्त्यात सापडली, पोरगा नाही. तेल मात्र दरवर्षी खाली येई, आणि गावातल्या चर्चच्या मृतांच्या वहीत शमुनी त्याचं नाव घालू देत नसे.

"रिकाम्या पेटीतलं तेल खाली येणार नाही तर जाईल कुठं?" चढ चढताना गावरियेने यंदाही सुरू केलंच. "सगळ्यांच्या मेलेल्यांसाठी प्रार्थना होते. आपल्याच पोरासाठी नाही."

"तुमच्या जिभेला काही हाड? जित्या पोराची कसली प्रार्थना घालताय!"

डोक्यावर ऊन मी म्हणत होतं. शमुनीने तळाशी वाटी ठेवली, इशोचं नाव घेतलं, तेल ओतलं. दोघं थांबले.

वाटी कोरडीच राहिली.

"गांधीलमाश्यांनी घर केलं असेल," गावरिये म्हणाला. त्याने खालच्या भोकात काडी घातली. ती सरळ आत गेली. मग त्याने झाकण वीतभर उचललं, हात घालून तळ चाचपला. नुसती धूळ. बोटं नाकाशी नेली. तेलाचा वाससुद्धा नाही.

"दगड पितो गं कधीकधी."

हा दगड थेंबही पिणारा नव्हता, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

"नहरीनचं नाव घेऊन बघ," तो म्हणाला. नहरीन त्यांची मुलगी, स्वीडनला दिलेली. शमुनीने लेकीचं नाव घेऊन ओतलं, तशी तेलाची धार लगेच वाटीत पडली.

पुन्हा इशोचं नाव. पुन्हा काही नाही.

शमुनी रडली नाही. तिने बाटलीला बूच लावलं.

"घाला त्याचं नाव वहीत," ती म्हणाली. "रविवारी सांगा पाद्रीबाबांना."

भिंतीला धरून ती पायवाटेकडे निघाली. एवढी म्हातारी ती कधी झाली, गावरियेला कळलंच नाही.

हेच ऐकायला तो एकोणीस वर्षं भांडला होता. आता ऐकलं, आणि तो पेटीपाशीच राहिला. ती आशा धरून होती, म्हणून याला शहाणपण परवडत होतं. आता आशा धरणारं घरात कुणी उरलं नव्हतं.

झाकण नीट बसवायला तो वाकला.

आतून आवाज आला. कोरडी जीभ टाळूला चिकटून सुटावी, तसा.

"सरडा असेल," तो मोठ्याने म्हणाला.

पुन्हा तोच आवाज.

त्याने खांद्यावरची पाण्याची बाटली काढली.

"इशो," त्याने हाक मारली, आणि पाणी ओतलं.

खाली थेंबही आला नाही. आत कुणीतरी घटाघटा पीत होतं, श्वास न घेता.

गावरियेने बाटली उपडी केली. दुसरा हात तापलेल्या झाकणावर हळूहळू फिरत राहिला.

"सावकाश पी रे, बाळा," तो म्हणाला. "ठसका लागेल."