दुपारी न बसलेली काच

"ओ मोजणीबाई, जरा बाजूला व्हा! वरून काच जातेय."

तिनं मान वर केली. पोलादी सांगाड्यावर, कमरेला पट्टा बांधून बसलेला एक माणूस तिच्याकडे बघून खुशाल हसत होता.

"बाई कुणाला म्हणता?"

"मग काय म्हणू?"

"काही म्हणू नका... काच सांभाळा!"

अशी त्यांची ओळख झाली. मॉलचं ते भलंमोठं छत दोन टोकांकडून मध्याकडे येत होतं. प्रत्येक काचेचं माप निराळं. माप घ्यायची ती, काच बसवायचा तो. आणि ती पडली जन्माची चौकस. वर भीती वाटत नाही का? काचेच्या कडेला रबर कशाला? जेवताना एकाच हाताचा मोजा का काढता?

"दुसऱ्या हाताला जेवायचं नसतं," तो गंभीरपणे म्हणाला, आणि तिला ठसका लागला.

ती मावशीकडे राहायची. एकदा मावशी म्हणालीच, "अगं, मी छपराचं विचारतेय. तू त्या काचवाल्याचंच काय सांगत बसलीस?"

ती गोरीमोरी झाली. पण खरं दुखणं वेगळंच होतं. मधली शेवटची काच बसली, की काचवाला त्याच संध्याकाळच्या गाडीनं दुसऱ्या गावच्या कामावर जाणार होता. त्याला काही वाटतं की नाही, एवढा एकच प्रश्न मात्र तिला विचारता येत नव्हता.

तो दिवस उजाडला. काच सकाळी सातला चढवायची होती. पण काचवाल्याचं आज काही आटपेचना. त्यानं दोर तपासले, पुन्हा तपासले. काच पुसली, परत पुसली. काच वर गेली तेव्हा दुपारचा एक वाजला होता... आणि ती बसेना! बोटभर जागा कमी पडली.

"माप कुणाचं?" मुकादम कडाडला. "आता नवी काच यायला तीन आठवडे!"

तीन आठवडे! तिला आनंदाच्या उकळ्या फुटल्या, आणि लगेच स्वतःची लाजही वाटली.

"माप बरोबर आहे," काचवाला वरूनच ओरडला. "चूक माझी आहे."

ह्याची कसली चूक? तिला राहवेना. ती शिडीनं वर गेली, पोलादाला हात लावला आणि चटका बसला. मग तिच्या डोक्यात प्रकाश पडला. माप तिनं सकाळच्या गारव्यात घेतलं होतं. उन्हानं पोलाद फुगलं, दोन्ही बाजू एकमेकींकडे सरकल्या आणि मधली फट आवळली. ही काच पहाटे अलगद बसली असती.

"बारा वर्षं हेच काम करताय ना?" तिनं हळूच विचारलं. "शेवटची काच दुपारी बसत नाही, हे ठाऊक नव्हतं?"

"होतं."

"मग...?"

तो हातमोज्याचा धागा ओढत राहिला. "सकाळी बसली असती, तर संध्याकाळी गाडीत मी बसलो असतो. एक दिवस हवा होता... तुमच्यासाठी. तुमच्यावर बोल येईल, हे मात्र सुचलंच नाही. गाढवपणा झाला."

हसू ओठांवर मावेना.

"राहायचं असेल तर मला विचारायचं. काचेला कशाला वेठीला धरता?"

"विचारलं तर?"

"आधी उद्या सहाला काच बसवा," म्हणत ती भराभरा खाली उतरली.

दुसऱ्या दिवशी सहाला काच सुरळीत बसली. खाली टाळ्या पडल्या. मुकादमानं मान वर करून हाक दिली, "काय रे, आज संध्याकाळची गाडी ना तुझी?"

काचवाल्यानं तिच्याकडे पाहिलं. सगळी टोळीही तिच्याकडेच बघायला लागली.

"नाही!" ती एवढ्या मोठ्यानं म्हणाली, की तिचं तिलाच नवल वाटलं. "ते जाणार नाहीत. त्यांना आज माझ्या मावशीकडे यायचंय."