गुंडूमामाची एक सुट्टी

ही गोष्ट खरी आहे. मी एम.ए. आहे, भुतांवर माझा विश्वास नाही. भुतांची त्याला काही हरकत दिसत नाही.

साल १९९६. मुरगूड. वैशाखातली भर दुपार.

मी सुट्टीला मामाकडं होतो. एसटी स्टँडजवळ गुंडूमामाचं एसटीडी बूथ. आजूबाजूच्या खेड्यांत कुणी गेल्याचा फोन आला की मामा सायकलवर टांग टाकायचा आणि नातेवाइकांना सांगून यायचा. फुकट.

शेवंतामामी चिडायची.

"सासऱ्यांनी जल्मभर मढ्याचा सांगावा पोचवला, वेठीनं. तुमी हौसेनं पोचवा!"

सासरे म्हणजे माझा आज्जा, केरबा. गावकीचं काम. उपाशी असो, तापात असो, हाक आली की घुंगराची काठी घेऊन चालायचं. छप्पन साली बौद्ध झाल्यावर त्यानं ती काठी वेदगंगेत फेकली. पुढं म्हातारा होऊन सुखानं वारला.

निदान आम्हाला तसं वाटत होतं.

"आबांस्नी न्हाय म्हणता येत न्हवतं," मामा म्हणाला. "मला येतंय. तेवढाच फरक हाय."

"मग म्हणून दावा की एकदा."

तेवढ्यात फोन वाजला. गडहिंग्लजला एक म्हातारी गेली होती. जवळच्या गावातल्या तिच्या लेकीला, तानाबाईला, कळवायचं होतं.

मामानं मामीकडं बघितलं.

"आज न्हाय जमायचं, पावणं. दुसरं कुणीतरी बघा."

रिसीव्हर ठेवला. शटर खाली ओढलं. आम्ही तिघं आत चहा प्यायला बसलो. मामा राजासारखा मांडी घालून.

आणि बाहेर...

खळ्... टक्... खळ्... टक्...

"बैल असंल," मामी म्हणाली.

बैल काठी टेकत नाही.

आवाज शटरपाशी थांबला... मग रस्त्याला लागला... लांब गेला.

मामानं शटर उचललं. रस्ता रिकामा. नुसतं ऊन.

दुसऱ्या दिवशी मामाला राहवलं नाही. मला कॅरियरवर घेऊन तो तानाबाईच्या गावी गेला. घराला कुलूप. शेजारचा बाळासो म्हणाला,

"ती कालच गडहिंग्लजला गेली की! तुमच्याकडनं म्हातारा आलता न्हवं? खुर्ची दिली, बसला न्हाय. तांब्या दिला, तर धरंना. ओंजळ केली आन् म्हणाला, वरनं वता."

मामानं विचारलं, "काठी हुती?"

"हुती की. घुंगराची."

मामानं सायकल माघारी वळवली.

त्यानंतर त्यानं एकही सांगावा नाकारला नाही. अंगात ताप असला तरी उठायचा.

"आता म्हणा की न्हाय," मामी म्हणायची. पण हळू.

"मी न्हाय गेलो तर आबांस्नी जावं लागतंय." मामा चपला शोधायचा.

पुढं मोबाइल आले. बूथ बंद पडलं. "सुटलो," मामा म्हणाला.

२००८. कोल्हापूर, राजारामपुरी. रविवारची दुपार. मोबाइल बंद करून मी आडवा झालो होतो.

खाली सायकलची घंटी वाजली...

दोनदा. थांबून पुन्हा एकदा. मामा अशीच वाजवायचा.

काठीचा आवाज येतो का, कान देऊन ऐकलं. नव्हता.

गॅलरीत गेलो. रस्ता रिकामा. नुसतं ऊन.

मोबाइल सुरू केला. मामीचे मिस्ड कॉल... मामा सकाळीच गेला होता.

तो मर्जीनं आला होता, की त्याला यावं लागलं...? कुणाला विचारणार?

तेव्हापासून मी मोबाइल कधी बंद करत नाही.

सक्ती कुणाचीच नाही.