डावीकडचा श्वास

पटलं तर घ्या, नाहीतर सोडून द्या. पण हे माझ्या सख्ख्या धाकट्या बहिणीच्या बाबतीत घडलंय आणि मी तिथे हजर होते.

शनिवारची संध्याकाळ. बाहेर अजून उजेड होता.

चर्चमागच्या हॉलमध्ये रविवारच्या उपासनेच्या गाण्यांची तालीम चालली होती. बारकी क्वायरमध्ये नवीन होती. तिला लहानपणापासून दमा, पण गायचा हट्ट दांडगा. म्हणून मी तिचा पंप पर्समध्ये घेऊन शेवटच्या बाकावर बसायचे. माझा आवाज क्वायरच्या मास्तरांनी एकदाच ऐकला आणि मला चहाच्या कपांवर नेमलं.

त्या दिवशी ते शेवटचा लांबलचक 'आमेन' शिकवत होते.

"सूर तुटता कामा नये," मास्तर म्हणाले. "सगळ्यांनी एकदम श्वास घेतला की गाण्याला भोक पडतं. डावीकडच्याचा श्वास ऐका. त्याचा घेऊन झाला की मग आपला. आधी नाही. आणि मान वळवायची नाही."

बारकीने मान डोलावली. ही पोरगी सांगितलेलं तंतोतंत पाळते. औषधसुद्धा घड्याळ बघून घेते.

ती रांगेच्या डाव्या टोकाला होती. तिच्या डावीकडे फक्त एक रिकामी खुर्ची.

'आमेन' सुरू झाला. एकेक जण हळूच श्वास घेत होता, परत सुरात मिसळत होता...

बारकी घेत नव्हती.

मला वाटलं, शिकली बाई. मग तिचे ओठ दिसले.

निळे पडले होते.

मी धावले. मास्तरांनी हात खाली आणला. सगळे थांबले.

एक सूर मात्र थांबला नाही...

बारीक, स्वच्छ, बाईचा. त्या खुर्चीकडून येत होता. आम्ही सगळ्यांनी ऐकला. पेटीला कुणाचा हातही लागलेला नव्हता.

बारकी माझ्या अंगावर कोसळली. मी पंप दिला, पाठ चोळली. जीव नुसता टांगणीला लागला होता. बऱ्याच वेळाने तिला धड बोलता आलं.

"अगं, श्वास का नाही घेतलास?"

"कसा घेणार ताई? डावीकडच्या बाई घेतच नव्हत्या."

"तिथे कुणी नाहीये गं."

तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू वेड मलाच लागलंय.

मास्तर पांढरेफटक पडले होते. "टोकाच्या माणसाने कुणासाठी थांबायचं नसतं," ते पुटपुटले. "हे सांगायचं राहून गेलं माझ्याकडून."

मी तिला घरी आणलं. तिचं क्वायरला जाणं बंद केलं. वाटलं, सुटलो.

सोमवारी सकाळी ती खिडकीशी कपड्यांच्या घड्या घालत बसली होती. हात चालू होते.

छाती हलत नव्हती...

काय सुचलं कोण जाणे, मी तिच्या डावीकडे जाऊन बसले आणि मोठ्याने एक श्वास घेतला.

लगेच तिने घेतला.

"बरं झालं आलीस," ती धापा टाकत म्हणाली. "त्या बाई आता इथेही गातात."

तेव्हापासून मी रजेवर आहे. जेवताना, टीव्ही बघताना, झोपताना तिच्या डावीकडेच असते. मी श्वास घेते, मग ती घेते. झोपेत मी घोरते म्हणून रात्री निभतात. यावरून आम्ही एकदा हसलोही.

डॉक्टर म्हणतात, छाती साफ आहे. मास्तर येऊन प्रार्थना करून गेले. जाताना त्यांनी माझ्याकडे बघायचं टाळलं.

काल मी कोपऱ्यावरच्या दुकानात साबण आणायला गेले. गेले आणि आले, एवढंच.

ती दारात उभी होती. ओठ निळे. भिंतीला धरून माझी वाट बघत...

घरात आम्ही दोघीच असतो. माझी रजा उद्या संपते.