घड्याळ दोनदा बघायचं

हसा पोरांनो, पण आज डोळ्यांवर तो स्वप्नांचा मास्क बांधून आडवे होण्याआधी एवढं ऐकून घ्या. वेंडेल क्विगली फेल्टन गावात माझ्या शेजारी राहायचा. बारा नोव्हेंबर, मंगळवार. संध्याकाळी तो मास्कसाठी बटणाएवढा सेल आणायला दुकानात गेला. दुकानदार हेक्टर म्हणाला, "म्हाताऱ्या, अजून स्वप्नांचा नाद सुटला नाही का तुझा?" वेंडेल सेल खिशात घालून बाहेर पडला.

मास्क त्याने गॅरेजमध्ये स्वतः बनवला होता. तुमच्यासारखाच. स्वप्न सुरू झालं, मिटल्या पापण्यांआड बुबुळं हलू लागली, की आतला लाल दिवा लुकलुकायचा. मग स्वप्नातच घड्याळ बघायचं, नजर वळवायची, पुन्हा बघायचं. आकडे बदलले म्हणजे स्वप्न. मग वाट्टेल ते करायला मोकळे.

त्याची बायको कोरिन आजारी होती, शेजारच्या खोलीत झोपायची. मार्चमधल्या एका रात्री लाल दिवा लुकलुकला आणि तिची हाक आली, "वेंडेल, ऊठ ना रे." त्याने घड्याळ दोनदा बघितलं. आकडे बदलले. स्वप्नच! गडी खुशीत रेडवुडच्या उंच झाडांच्या शेंड्यांवरून उडत राहिला. स्वप्न खरंच स्वप्न होतं, पण हाक खरी होती. सकाळी कोरिन गार पडलेली सापडली.

तेव्हापासून तो मनाने बधिर झाला. जेवायचा, दारातली पानं गोळा करायचा, विचारलं तर बरं आहे म्हणायचा. त्याला एकच हवं होतं. तिने एकदा स्वप्नात यावं, आणि हाक ऐकली होती हे तिला सांगता यावं. आठ महिने रोज मास्क बांधून झोपला. ती आली नाही.

त्या मंगळवारीही नवा सेल घालून झोपला. रात्री तीन वाजून दहा मिनिटांनी लाल उजेड लुकलुकला.

"वेंडेल, ऊठ ना रे."

त्याने घड्याळ बघितलं. तीन दहा. नजर वळवली. पुन्हा बघितलं.

तीन दहा...

त्याने चेहऱ्याला हात लावला. मास्क नव्हता.

उजेड शेजारच्या खोलीतून येत होता. दाराखालून. तो उठला. दार ढकललं. कोरिनचा पलंग रिकामा. उशीवर मास्क... लुकलुकत होता. आता तो दिवा कधी लागतो, हे तुम्हाला मी सांगायला नको.

तो दारातच उभा राहिला. म्हणाला, "ऐकलं होतं गं मी. मला स्वप्न वाटलं."

लुकलुकणं थांबलं.

उजाडताना त्याने माझं दार वाजवलं. ओट्यावर बसून घडलं तेवढं सपाट आवाजात सांगितलं आणि मास्क माझ्या हातात दिला. त्याचे डोळे कोरडे ठाक. मी मास्क उलटा केला. आतला फोम दोन्ही डोळ्यांच्या जागी ओलाचिंब होता.