पाच फेरे आणि थोडंसं वर

आईची जुनी अँबेसेडर कारंजा गावाजवळ हायवेवर बंद पडली, म्हणून मी दुर्गेशच्या गॅरेजात पोचले. मागच्या एक्सलमधला चाकाचा दांडा तुटला होता.

"साधं काम हाय, मॅडम," तो हसला. गालावर ग्रीसचा डाग... मी उगाच पाहत राहिले.

साधं कुठलं! नवा दांडा आणला, तर तो बसेचना.

"हा एक्सल या गाडीचा नाईच. कोनंतरी दुसऱ्याच गाडीचा बसवला."

"कुठल्या?"

"तेच तर शोधाचं हाय!"

ओळखायची रीत सोपी होती. एक चाक जॅकवर उचलायचं, खडूची खूण करून बरोबर दोनदा फिरवायचं, आणि तेवढ्यात गाडीखालचा मधला लांब दांडा किती फेरे घेतो ते मोजायचं. गाडीगाडीचा आकडा वेगळा. घरून, पिपरी मेघेहून, मी तीन रविवार आले. तो चाक फिरवायचा, मी वाकून मोजायचे. कधी चार, कधी सव्वापाच, कधी पावणेसहा. डोकंच फिरायची वेळ!

चौथ्या रविवारी बाबाही आले. दाराशी बाजेवर संत्री सोलत म्हणाले, "आज नाई समजलं, तर उद्या भंगारवाल्याले देतो. तुही आईच नाई, तं गाडी ठेवून काय करू?"

याच गाडीत आईनं मला स्टेअरिंग धरायला शिकवलं होतं.

"दर वेळी आकडा वेगळा काऊन येते?" मी दुर्गेशवर चिडलेच.

"खूण हुकते..."

"पण का?"

"तुम्ही मोजता, तवा मी चाकाकडं कुठं पाहून राह्यतो..."

अगं बाई! माझे कान तापले. पण लाजायला वेळ कुठे होता?

"शिरा गाडीखाली! चाक मी फिरवते."

आता त्याच्या फक्त चपला दिसत होत्या. मी खडूची खूण खुणेला भिडवत चाक दोनदा फिरवलं.

"पाच... अन् थोडंसं वर. परत!"

परत तेच. तिसऱ्यांदाही तेच!

"अवो मॅडम, हा तं जुन्या जीपचा! जीपचे दांडे मायाकडं दोन पडून हायेत!"

दांडा सरकन आत बसला. मी सरळ रडलेच. हुश्श... वाचली बाई आईची गाडी.

तेल गळतं का पाहतो म्हणून तो पुन्हा खाली शिरला, तो बाहेर येईचना.

"निघा की!"

"इथूनच बोलतो. समोर जमत नाई... गाडी तं बरी झाली. आता तुम्ही इकडं कायले याल? मले... तुम्ही लय आवडता."

मी खाली वाकले.

"येईन ना. पुढच्या रविवारी, बाबांना घेऊन."

गाडीखाली पाना खणकन पडला.

"घेऊन कायले?" बाजेवरून बाबा ओरडले. "मी इथंच तं बसून हावो! त्याले म्हणा, आधी बाहेर निघ, अन् हे संत्र खा."